आबांचा घास

पितृपक्ष लागला की आश्रमातल्या पोरांचे गाल वर येतात, असं गोदा म्हणायची. बाकी वर्षभर आमटी-भात आणि त्या पंधरवड्यात रोज खीर-वडे. पनवेलमधली माणसं हल्ली घरी चार जणांना म्हाळाला बोलावण्यापेक्षा आश्रमातल्या पोरांना जेवू घालतात. पुण्यही पदरात पडतं आणि घरात खरकटी भांडी पडत नाहीत. एरवी वाढदिवस असतातच. पोरांनी तर देणाऱ्यांच्या दोन जाती पाडल्या होत्या, केकवाले आणि खीरवाले. गाडी फाटकात वळली की एखादं कार्टं खिडकीतून बघायचं आणि आत ओरडायचं, "खीरवाले!" मग दुसरं विचारायचं, "आज कुनाचा बाप मेला रं?" गोदा डाव उगारायची, पण हसू तिलाही यायचं.

गोदाच्या नातीचं नाव पूर्वी. तीही त्याच पोरांत होती. गोदाची लेक सुनिता आणि जावई दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायची ती पाऊस तोंडावर आल्यावर परतायची. पोर भट्टीवर गेली असती तर चिखलातच वाढली असती, म्हणून गोदाने तिला आश्रमात घातली आणि तिच्या मागोमाग स्वतःही तिथल्या चुलीपुढे येऊन बसली. संस्थेला स्वयंपाकाला बाई हवीच होती.

गोदा उंबराच्या वाडीची. डोंगराच्या पायथ्याला, बुधाजी आबांच्या माळावर कातकऱ्यांची ती वस्ती. गोदाचा सासरा आबांच्या बापाची शेतं राखायचा, नवरा शिवा आबांची राखायचा. पावसात लावणी, दिवाळीआधी कापणी, मधे गुरं. त्या बदल्यात आबांनी त्यांना माळावर झोपड्या बांधू दिल्या होत्या. जागा कोणाची, हा प्रश्नच कधी निघाला नव्हता. आबा होळीला वाडीवर यायचे, उंबराखालच्या वाघदेवाला नारळ फोडायचे आणि पोरांना खोबरं वाटून जायचे.

म्हातारपणी आबांची एक बाजू लुळी पडली. कमलाकरने, म्हणजे त्यांच्या लेकाने, तोवर विचुंब्याला उंच इमारतीत घर घेतलं होतं. जमिनींना भाव आला होता आणि गावात शेतावर राहणारं कोणी उरलं नव्हतं. सुनेला सासऱ्याचं हगणं-मुतणं काढायला कसंसंच व्हायचं. तिलाही काय बोल लावायचा, तिची ओकारी खोटी नव्हती. मग वाडीवरून गोदाला बोलावलं. शिवा तेव्हा नुकताच गेला होता. गोदाने आबांना कुशीवर वळवलं, पुसलं, पावडर लावली, चमच्याने पेज भरवली. रागावले की आबा तोंड भिंतीकडे फिरवून घ्यायचे आणि कितीही विनवलं तरी चमचा ओठाला लागू द्यायचे नाहीत. मनातलं कोणी ओळखून बोललं की मग लहान पोरासारखा आ करायचे.

जाण्याच्या आधी एकदा त्यांनी कमलाकरला उशापाशी बसवून घेतलं. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत होते. "वाडीची जागा वाडीवाल्यांच्या नावावर करून दे. मी वाघदेवाम्होरं बोललोय. गोदाबाय, तू आयकतेस ना?" कमलाकर म्हणाला, "हो आबा, करतो." आबांनी लेकाच्या हातावर हात आपटला आणि गोदाकडे बघितलं. खोलीत ती तिघंच होती.

वाडीवर कोणी त्याचा कागद मागितला नाही. आबा जिवंत असताना त्यांच्या शब्दावर कागद मागणं म्हणजे त्यांच्या तोंडावर थुंकणंच झालं असतं. आणि ते गेल्यावर मागायचा कोणाकडे?

संस्थेतले प्रितेश सर आधी या कामाला लागले होते. शिकलेला, सरळ मनाचा मुलगा. वाडीवर येऊन त्याने जुनी लाइटबिलं, रेशनकार्डं गोळा केली आणि घराखालच्या जागेसाठी सगळ्यांकडून अर्ज भरून घ्यायला सुरुवात केली. गोदाला तो देवानेच धाडला असं वाटलं होतं. त्याच सुमारास कमलाकरने आश्रमाला जेवणाची मोठी खोली बांधून दिली. दारावर संगमरवरी पाटी, त्यावर सोनेरी अक्षरांत आबांचं नाव. पाटीवरचा पडदा बाजूला झाला तसे अर्ज मागे पडले. गोदाने विचारलं तेव्हा प्रितेश सर खाली बघून म्हणाले की, मावशी, आपण मुलांचं काम करतो. जमिनीच्या भानगडीत पडलो तर मुलांचंच नुकसान होईल. गोदाला ते पटलं नाही, पण त्याला तोडून बोलणंही तिला जमलं नाही. तिची नात त्याच खोलीत जेवत होती.

पुढच्या उन्हाळ्यात माळावर माणसं मोजणीच्या दुर्बिणी घेऊन आली आणि लाल रंगाचे दगड रोवून गेली. वाडीतला काळूराम, शिवाच्या वयाचा, कमलाकरला विचारून आला. कमलाकर म्हणाला, अजून काय ठरलेलं नाय. पण दगड रोवणारे चहा पिताना बोलून गेले होते, दिवाळीनंतर रिकामं करायचंय.

तर त्या साली आबांचा म्हाळ आला.

कमलाकरने आधी तो विचुंब्याच्या घरीच घातला होता. सकाळी केळीच्या पानावर घास काढून बाल्कनीत ठेवला. तिथे कबुतरांसाठी जाळी लावलेली. जाळी सारून पान ठेवलं, पण इतक्या उंचावर कावळा फिरकेना. कबुतरं तेवढी घुटर्घू करत आली. बायको म्हणाली की, आश्रमात न्या. नाहीतरी जेवण तिकडेच द्यायचंय, तिथे झाडं आहेत, कावळेही आहेत.

कावळ्यांना तर तोटा नव्हता. रोज जेवणाच्या वेळी ते पोरांच्या ताटातली पोळी पळवायचे आणि गोदा डाव घेऊन त्यांच्या मागे धावायची. त्या दिवशी कमलाकरची गाडी आली, मागून जेवणाचा टेम्पो आला. खीर, भरड्याचे वडे, अळू, भोपळ्याची भाजी. पोरं हात धुऊन ओळीने बसली. ताटं मांडली, श्लोक म्हणून झाला. आणि कमलाकरने सांगितलं, "आधी आबांच्या घासाला कावळा शिवू दे. मग वाढा."

पान कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं. कमलाकर पांढऱ्या कुडत्यात हात जोडून उभा, शेजारी बायको, दोन-चार भाऊबंद, मागे प्रितेश सर. कमलाकरचा मुलगा दीपेश मोबाइल धरून चित्रण करत होता. सगळ्यांनी काव काव करून झालं. एक कावळा आला खरा, पण पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसला. मान वाकडी करून पानाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

ते तोंड फिरवणं गोदाच्या ओळखीचं होतं.

थोडा वेळ गेला तशी भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्याचं काहीतरी मागे राहिलंय, बोल काहीतरी. कमलाकर आधी अवघडला. मग त्याने सांगितलं की गावातल्या देवळावर कळस चढवीन. कावळा हलला नाही. मोरा गावात दिलेल्या भामाआत्याशी धरलेला अबोला सोडीन, तिला माहेरची साडी नेसवीन. नाही. दीपेशचं लग्न गावात करीन, हॉलवर नाही. दीपेशने मोबाइलमागून बापाकडे रागाने बघितलं. कावळ्याने पंखात चोच खुपसली. एक भाऊबंद दबक्या आवाजात म्हणाला, "आबांना दारूची एक कोटर लागायची रोजची, ती ठेवा." दोघं हसली. कमलाकरला घाम फुटला होता. शहरातली भाषा त्याच्या तोंडून गळून पडली होती. "आबा, काय रायलाय तुमचा? सांगा ना."

आत पोरं ताटापुढे बसून होती. खिरीचा वास सगळीकडे सुटला होता. लहानगी दोन मांडी घालून बसल्या बसल्या पेंगायला लागली. एकाने कोरड्या ताटावर बोट फिरवून चाटलं. पूर्वी दारातून आजीकडे बघत होती.

गोदाला कळत होतं काय राहिलंय ते. कमलाकरलाही कळत होतं. कळस, साडी, लग्न सगळं तो बोलला, पण तेवढ्या एका गोष्टीला वळसा घालून बोलला. त्याने एकदाही गोदाकडे पाहिलं नव्हतं. तिने मनात वाघदेवाला विचारलं, बोलू की नको? बोलले तर चूल जाईल, नातीची जागाही जाईल. नाही बोलले तर हा म्हातारा तिथेच उपाशी बसणार, आणि आत पोरं उपाशी. तिने ज्याला पेज भरवली तो भुकेला बसलाय आणि त्याची भूक कशाची ते आपल्याला ठाऊक असताना आपण गप्प बसायचं, हे तिला सोसेना.

ती डाव खाली ठेवून पुढे गेली. आवाज चढवला नाही.

"शेट, वाडीचा बोला."

प्रितेश सरांनी पटकन मान वर केली. भाऊबंद एकमेकांकडे बघायला लागले. कमलाकरचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. सगळ्यांसमोर आता नाही म्हणायची सोय नव्हती. त्याने डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाला, "आबा, उंबराच्या वाडीची जागा वाडीवाल्यांच्या नावावर करून दीन. तुमी दिलेला शबूद मी पालीन."

कावळ्याने कठडा सोडला. सरळ खाली आला, पानावर बसला, वडा उचलला, खाली टाकला, भातात चोच मारली आणि परत मारली. मग टाकीमागून, आंब्यावरून आणखी चार उतरले. कमलाकरच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. कोणी म्हणेल, माणसं जरा मागे सरली होती म्हणून आला. म्हणू द्यावं. तिथे उभं राहिलेल्या एकाच्याही मनात त्या वेळी तसं आलं नाही. गोदा आत गेली आणि वाढायला लागली. पहिल्याच ताटात खीर सांडली.

संध्याकाळी ती वाडीवर गेली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचली होती. बायांनी तिला मधे बसवलं, पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. कमलाकर काय म्हणाला, कावळा कसा उतरला. काळूराम तेवढा उंबराच्या मुळीवर बसून विडी ओढत राहिला. सगळ्या पांगल्यावर म्हणाला, "गोदे, चुकलीस तू."

तिला राग आला. काय चुकलं, असं तिने विचारलं.

"म्हातारा उपाशी व्हता तवर आपला व्हता. कमळ्याच्या मानेवर बसून व्हता. तू त्याला जेवू घातलास नि वाटंला लावलास. आता कमळ्याला कोनाचा भेव?"

"पोरा बसली व्हती काळूदादा उपाशी."

"बसू द्यायची व्हती." त्याने विडी दगडावर चुरडली. "आपली पोरा काय कदी उपाशी बसली नाय?"

त्या रात्री गोदाने त्याला मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या. देवासमोर, पितरासमोर उच्चारलेला शब्द कोणी मोडेल, हे तिच्या बुद्धीत बसतच नव्हतं. वाघदेवापुढे तिने दिवा लावला आणि कमलाकरला सुबुद्धी राहो असं मागितलं. स्वतःसाठी काही मागितलं नाही. मागायला हवं होतं, असं तिला पुढे वाटायचं.

नवरात्र गेलं, दिवाळी आली. कमलाकर आश्रमात फराळाची पाकिटं वाटायला आला. गोदाने वाट बघितली आणि तो गाडीकडे निघाला तेव्हा आडवी गेली. कागदाचं कधी करायचं, म्हणून विचारलं. तो आधी समजलंच नाही असं दाखवून हसला. मग इकडेतिकडे बघून अगदी मायेने बोलला. तो माया करून बोलला हेच तिच्या जन्मभर डोक्यात राहिलं.

"गोदाबाय, ता आबांच्या समाधानासाटी बोललो. झाला ना त्यांचा समाधान? तुझ्या डोल्यांदेकत झाला. मग आता कशाला उकरतेस?"

तो गाडीत बसता बसता म्हणाला की, माळाचा व्यवहार तर चैतातच झालाय, मी काय करू? माझ्या हातात आता काय नाय.

चैत्रात. म्हणजे त्याने डोळे मिटून आबांना शब्द दिला तेव्हा द्यायला त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं. गोदा फाटकाशी उभी राहिली. मेलेल्या माणसालाही फसवता येतं, आणि तो वर जाऊनही पुन्हा पुन्हा भोळाच राहतो, हे तिला तेव्हा कळलं. आबा वडा खाऊन, खीर पिऊन, लेक शब्दाचा खरा निघाला म्हणत सुखाने निघून गेले असणार. ज्या दाराने गेले ते तिनेच उघडून दिलं होतं.

ती प्रितेश सरांकडे गेली. त्या दिवशी दीपेशने काढलेलं चित्रण असेल, त्यात कमलाकरचा शब्द असेल, ते मिळवा, असं तिने सांगितलं. सरांनी आपल्या मोबाइलवर ते तिला दाखवलं. दीपेशने ते तेव्हाच सगळीकडे टाकलं होतं. घास, हात जोडलेला कमलाकर, ओठ हलतायत, कावळा उतरतोय. वर भजनाची चाल लावलेली. आवाज त्या चालीचाच होता, माणसाचा नव्हता.

"मूळ मागा ना सर त्याच्याकडं."

सर म्हणाले, मागून बघतो. त्यांनी मागितलं की नाही कोण जाणे. नंतर गोदा समोर आली की ते फोनवर बोलायला लागायचे.

मार्गशीर्षात माळावर झोपड्या पाडायला मशीन आलं. भांडण-मारामारी काही झाली नाही. वाडीला तशी सवयच नव्हती. पोलीस झाडाखाली खुर्च्या टाकून बसले होते आणि त्यांना पाणी वाडीच्याच बायांनी दिलं. भांडी, गोधड्या, कोंबड्या बाहेर आल्या. काळूरामने उंबराखालचा वाघदेव पोत्यात घातला आणि आश्रमाच्या फाटकाशी आणून गोदाच्या पुढ्यात ठेवला. "तुज्याकडं छप्पर हाय," एवढंच बोलला आणि लेकीच्या गावाला निघून गेला. त्यानंतर तो गोदाला दिसला नाही. बाकीची कोणी भट्टीवर गेली, कोणी विचुंब्याला इमारतींच्या कामावर, पत्र्याच्या खोपटांत.

पोरांना सोबत नेण्यासारखी जागा कोणाकडे नव्हती. तेव्हा प्रितेश सर स्वतः गाडी घेऊन गेले आणि वाडीची सगळी पोरं आश्रमात आणली. ते त्यांनी मनापासून केलं, हेही सांगायला हवं. पोरं थंडीत उघड्यावर राहिली असती. न्हावा शेव्याकडच्या एका कंपनीने एकावर एक असे लोखंडी पलंग दिले, गोधड्या दिल्या. संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमाला मोठा फलक लागला, "छत्र हरवलेल्यांना छत्र", आणि त्यावर वाडीच्या पोरांचे हसरे फोटो. प्रमुख पाहुणा कमलाकर. भाषणात तो म्हणाला की, आबा नेहमी सांगायचे, वाडीची मुलं ही आपलीच मुलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग स्वयंपाकघरातल्या गोदामावशींचा सत्कार झाला. शाल आणि नारळ कमलाकरच्याच हातून. तिने घेतला. न घ्यायची हिंमत कुठून आणायची? समोर पूर्वी पहिल्या ओळीत बसली होती आणि आजीचा सत्कार म्हणून जोरजोरात टाळ्या वाजवत होती.

तो नारळ तिने स्वयंपाकघरामागे, नळाच्या कट्ट्याशी ठेवलेल्या वाघदेवापुढे फोडला. फोडताना काही मागितलं नाही. "तू बगत व्हतास ना?" एवढं विचारलं. देव दगडासारखा गप्प बसला. ती त्याच्यावर रुसली नाही. रोज पाणी घालायची, फूल वाहायची, पण बोलणं तेव्हापासून कमी झालं.

वर्ष फिरलं. परत पितृपक्ष आला, परत खीरवाले आले. आबांच्या म्हाळाच्या दिवशी कमलाकर आला नाही, परदेशी गेला होता म्हणे. नुसता टेम्पो आला. टेम्पोवाल्याने पातेली उतरवली आणि सांगितलं की, शेटने एक घास भिंतीवर ठेवायला सांगितलाय, फोटो काढून पाठवायचाय. प्रितेश सरांनी गोदाला ठेवायला सांगितलं.

गोदा पान घेऊन कुंपणाशी गेली. जाताना तिने डाव हातात घेतला. का घेतला ते तिलाही सांगता आलं नसतं. मनात एवढंच होतं की आज एकही पाखरू फिरकू द्यायचं नाही. बसू दे म्हाताऱ्याला टाकीवर दिवसभर. बघू दे त्याला माळ कुठे गेला तो. उपाशी राहिला तर कमळ्याच्या मानेवर परत जाऊन बसेल.

आतून ताटांचा आवाज आला. ओळी आता लांब झाल्या होत्या, वाडीची पोरं भिंतीपर्यंत बसली होती. श्लोक संपत आला होता.

तिने पान ठेवलं. ठेवून हात मागे घेते न घेते तोच कावळा तिच्या बोटांजवळ उतरला. टाकीवर बसला नाही, मान वाकडी केली नाही, तोंड फिरवलं नाही. वडा चोचीत धरला आणि निघूनही गेला. डाव तिच्या हातात तसाच राहिला.

ती आत आली आणि भात वाढायला लागली. पूर्वीच्या ताटाशी आली तेव्हा पोर म्हणाली, "आजी, यंदा किती लवकर जेवाय मिळालं."

"व्हय," गोदा म्हणाली. "म्हाताऱ्याचा काय रायलाच नाय आता."

आणि ती पुढच्या ताटाकडे वळली.